तीन बोटांचे माप

हा लेख पुढे वाचण्यापूर्वी वाचकांनी एक छोटीशी गोष्ट करून पाहावी. उजव्या हाताची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका ही तीन बोटे एकमेकांना चिकटवावीत आणि एकावर एक येतील अशी उभी धरून पुढच्या दातांच्या मध्ये घालावीत. निरोगी प्रौढ माणसाच्या तोंडात ती मावतात. वरच्या आणि खालच्या दातांतले हे अंतर साधारणपणे ३५ ते ५० मिलिमीटर भरते. दोनच बोटे जात असतील तर काहीतरी बिघडते आहे असे समजावे. एकच बोट, तेही जोर लावून जात असेल, तर त्या माणसाचे जेवण, बोलणे, दात घासणे, एवढेच नव्हे तर उद्या एखाद्या साध्या शस्त्रक्रियेसाठी त्याला भूल देणे, हे सारेच अवघड होऊन बसलेले असते.

महाराष्ट्रातल्या कोणत्याही दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एक सकाळ घालवली तर अशी एका बोटाची तोंडे दिसल्याखेरीज राहत नाहीत. ती बहुधा तरुणांची असतात. रिक्षावाले, गवंडी, ट्रकचे क्लीनर, नुकतेच कॉलेज सोडलेले, काही तर शाळेत जाणारे. पहिली तक्रार सगळ्यांची एकच: तिखट सहन होत नाही. ठेचा-भाकरीवर वाढलेल्या माणसाला साधी आमटी झोंबू लागते. मग हळूहळू गालाची आतली बाजू पांढुरकी आणि ताठ होते, बोट लावले तर आत दोऱ्या ताणल्यासारख्या लागतात. भाकरीचा घास चपटा करून सरकवावा लागतो. वडापाव चावून खायचा पदार्थ न राहता तुकडे तोडून आत ढकलायचा होतो. शीळ घालता येत नाही, फुंकर मारता येत नाही, जीभ बाहेर काढता येत नाही. मऊ टाळूचे स्नायू आखडले की आवाज नाकातून येऊ लागतो. काहींना कानात दडे बसल्यासारखे वाटते, कारण कानाच्या नळीचे तोंड उघडणारे स्नायूही त्याच टाळूत असतात. आणि हे सारे इतके सावकाश होते की आपले तोंड कधी मिटत गेले हे त्या माणसाला स्वतःलाच सांगता येत नाही.

या रोगाचे वैद्यकीय नाव 'ओरल सबम्यूकस फायब्रोसिस'. मराठीत त्याला अजून धड नाव नाही. लोक 'तोंड बंद होण्याचा आजार' म्हणतात, आणि तेच बरोबर आहे. आधुनिक वैद्यकाने त्याची पहिली नोंद केली ती आपल्याच लोकांच्या तोंडात, पण आपल्या देशाबाहेर. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टराने केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये तो पाहिला. पाठोपाठ मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये त्याचे वर्णन केले आणि आज रूढ असलेल्या नावाची बीजे त्यांनीच घातली. म्हणजे नामकरणात एका मुंबईकराचा हात आहे. रोगाच्या प्रसारात महाराष्ट्राचा वाटा किती, हे आपण पुढे पाहू.

कारण सुपारी. तंबाखू नव्हे, सुपारी. हा फरक नीट ध्यानात घ्यायला हवा, कारण पुढचा सगळा सरकारी घोळ याच फरकातून निर्माण झाला आहे. सुपारीतला अरेकोलिन हा पदार्थ गालाच्या अस्तरातल्या पेशींना तंतू निर्माण करायला लावतो. सुपारीतली टॅनिने त्या तंतूंना असे कमावतात की शरीराला ते विरघळवता येत नाहीत. सुपारीत तांबेही बरेच असते. तंतूंना एकमेकांत घट्ट विणणाऱ्या विकराला ते हातभार लावते. भाजल्यानंतर कातडी आखडते तसाच हा प्रकार, फक्त तो तोंडाच्या आत आणि वर्षानुवर्षे चालू राहणारा. हे तंतू अस्तराखाली, पुढे गालाच्या आणि चावण्याच्या स्नायूंपर्यंत पोचतात. तोंड उघडत नाही म्हणून स्नायू वापरात राहत नाहीत आणि वापरात नाहीत म्हणून ते झिजतात. सुपारी सोडल्यावर जळजळ कमी होते, रोगाची चाल मंदावते; पण आखडलेले तोंड त्यामुळे आपोआप उघडत नाही.

शिवाय हा केवळ गैरसोयीचा आजार नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर सतरा वर्षांपर्यंत लक्ष ठेवले होते. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ७.६ टक्के रुग्णांना, म्हणजे ६६ पैकी पाच जणांना, तोंडाचा कर्करोग झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या आपल्या ग्रंथात सुपारीला, तंबाखूशिवायच्या नुसत्या सुपारीलाही, मानवी कर्करोगाचे कारण ठरवले. त्याच संस्थेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडलेला अंदाज असा की २०२२ साली जगभरात तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २० हजार रुग्ण चघळायची तंबाखू आणि सुपारी यांमुळे झाले, आणि त्यातले सुमारे ८३ हजार एकट्या भारतातले होते.

आता सरकार काय करीत आले ते पाहू. महाराष्ट्राने गुटख्यावर पहिली बंदी घातली ती १ ऑगस्ट २००२ पासून, पाच वर्षांसाठी. ती दोन वर्षे टिकली. अशी बंदी घालण्याचा अधिकार राज्याच्या अन्न आरोग्य प्राधिकाऱ्याला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००४ मध्ये सांगितले आणि पुड्यांच्या माळा टपऱ्यांवर पुन्हा उजळ माथ्याने लटकू लागल्या. मग अन्नसुरक्षा कायद्याखालचे २०११ चे नियम आले. कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घालता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. त्याचा आधार घेऊन मध्य प्रदेशाने एप्रिल २०१२ मध्ये आणि महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये बंदी आणली. महाराष्ट्राने पानमसाल्यालाही त्यात ओढले आणि पुढे सुगंधित तंबाखू व सुगंधित सुपारीलाही. ही बंदी वर्षाची असते आणि दरवर्षी नव्याने घालावी लागते. वर्षश्राद्धासारखा हा शासकीय विधी तेव्हापासून चालू आहे.

बंदी निरर्थक आहे असे म्हणणाऱ्यांत मी नाही. केंद्र सरकारच्या तंबाखूविषयक पाहणीप्रमाणे २००९-१० मध्ये महाराष्ट्रातले ३१.४ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरीत होते. २०१६-१७ मध्ये हे प्रमाण २६.६ टक्क्यांवर आले. चघळायच्या तंबाखूचे प्रमाण २७.६ वरून २४.४ झाले. सगळे श्रेय बंदीचे नसेल, पण उतार आहे. मात्र याचा दुसरा अर्थ असाही की बंदीनंतर चार वर्षांनीही राज्यातला जवळजवळ प्रत्येक चौथा प्रौढ तोंडात काहीतरी धरून होता. पुडी शेजारच्या राज्यांतून येते, ट्रक पकडले जातात, वृत्तपत्रांत पोत्यांसमोर उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांची छायाचित्रे छापून येतात. विदर्भात तर पुडीचीही गरज नाही. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून दिलेला खर्रा हा घरगुती उद्योग आहे, आणि त्यावर कारखान्याचे नाव नसल्याने धाड घालायची कोणावर हा प्रश्नच असतो. पश्चिम महाराष्ट्रात त्याचा भाऊ मावा. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि त्यांच्या 'सर्च' संस्थेने सरकारबरोबर २०१६ पासून 'मुक्तिपथ' चालवला तो या खऱ्र्याशी गावागावांत झुंजण्यासाठीच. पुडीपेक्षा सवय हे मोठे प्रकरण आहे हे ज्यांना कळले अशी ही विरळा उदाहरणे.

पण माझा आजचा मुद्दा पुडीचा नाहीच. बंदी, धाडी, दंड, शाळेतली प्रतिज्ञा हे सगळे ज्याने अजून सुरुवात केलेली नाही किंवा जो आज सोडू शकतो त्याच्यासाठी आहे. दुसऱ्या टोकाला कर्करोगाची रुग्णालये आहेत. मुंबईत १९४१ साली सुरू झालेले टाटा रुग्णालय आहे, तिथल्या रांगा आहेत. या दोन टोकांच्या मध्ये ज्याचे तोंड आधीच मिटले आहे, ज्याला कर्करोग झालेला नाही आणि बहुधा होणारही नाही, असा माणूस उभा आहे. त्याच्यासाठी राज्याच्या आरोग्यव्यवस्थेत रकाना नाही. आणि खेदाची गोष्ट ही की त्याच्यासाठी उपाय आहे, तो फारसा महागही नाही.

तो उपाय म्हणजे तोंडाच्या स्नायूंचा व्यायाम. ऐकायला हे फार साधे वाटते, आणि त्याचीच अडचण झाली आहे. चेहऱ्याच्या आणि तोंडाच्या स्नायूंना शिस्तशीर व्यायाम देऊन सुधारता येते, ही कल्पना नवी नाही. आल्फ्रेड रॉजर्स या अमेरिकन दंततज्ज्ञाने १९१८ मध्येच ती मांडली होती. आज दुभंगलेल्या टाळूच्या मुलांपासून पक्षाघाताने गिळता न येणाऱ्या वृद्धांपर्यंत अनेकांसाठी अशा उपचारांच्या पद्धती बसवलेल्या आहेत. आपल्याकडच्या मिटलेल्या तोंडासाठी मात्र वर्षानुवर्षे भर राहिला तो सुईवर. गालात स्टेरॉइड आणि हायल्युरोनिडेज यांची इंजेक्शने द्यायची, आठवड्यातून एकदा-दोनदा, कित्येक आठवडे. काहींना त्याने आराम पडतो हे खरे. पण बोर्ले आणि बोर्ले यांनी १९९१ मध्येच शेकडो रुग्णांच्या अनुभवावरून इशारा दिला होता की वारंवार टोचण्याने त्या जागी आणखी तंतू होण्याचा धोका असतो. तरीही सुई टिकली. सुई टोचली की काहीतरी केल्यासारखे डॉक्टरलाही वाटते आणि रोग्यालाही.

आणि मग २००९ मध्ये नेपाळमधून एक छोटासा अभ्यास प्रसिद्ध झाला. कॉक्स आणि झोएलनर या दोघांनी रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला काहीच उपचार दिले नाहीत. दुसऱ्याला दर पंधरवड्याला इंजेक्शने दिली. तिसऱ्याला दिल्या लाकडी पट्ट्या, घसा तपासताना डॉक्टर जिभेवर दाबतात त्या. त्या दातांमध्ये एकावर एक ठेवायच्या, दिवसातून पाच वेळा. आणि पाच ते दहा दिवसांनी त्यात एक पट्टी वाढवायची. चार महिन्यांनी मोजले तेव्हा पट्टीवाल्यांची तोंडे निःसंशय जास्त उघडली होती. इंजेक्शनवाल्या गटात आणि काहीच न केलेल्या गटात तशी सुधारणा दिसली नाही. एका लहान अभ्यासावरून सारे वैद्यक पालटू नये हे मान्य. परंतु ज्या उपायाला वखारीतल्या ढलप्यांइतकाच खर्च येतो तो इतक्या वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यांत का पोचू नये, या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्रात सापडत नाही.

आपल्याकडे अनेक दंतवैद्य याच हेतूने आइस्क्रीमच्या काड्या देतात. एक काडी साधारण दीड ते दोन मिलिमीटर जाडीची. आज बारा काड्या मावल्या तर आठवड्याभराने तेरावी सारायची. ती सारताना डोळ्यांत पाणी येते, कानशिलापासून जबड्यापर्यंत कळ जाते. काड्या धरून काही मिनिटे तसेच बसायचे. मग गाल फुगवायचे, जीभ बाहेर काढायची, जबडा दोन्ही बाजूंना हलवायचा, कोमट पाण्याच्या गुळण्या करायच्या. हे सकाळी, कामावर जाण्यापूर्वी, दुपारच्या सुट्टीत, संध्याकाळी, झोपताना. आणि एका आठवड्यासाठी नव्हे, महिनोन् महिने. ज्याचे पोट दिवसाच्या मजुरीवर आहे त्याने रंधा बाजूला ठेवून भर कारखान्यात तोंडात काड्या धरून बसायचे, सोबत्यांच्या टिंगलीकडे दुर्लक्ष करायचे, आणि ज्या गालात कालपर्यंत खर्रा होता त्या गालात आज काही नाही या रितेपणाशीही लढायचे. पहिल्या तीन आठवड्यांत लाभ दिसतो तो तीन-चार मिलिमीटरचा. मोजपट्टीशिवाय तो जाणवतही नाही. म्हणून मोजणारा माणूस लागतो. 'गेल्या खेपेला एकोणीस होते, आज बावीस आहे' असे कोणीतरी वहीत बघून म्हणावे लागते. त्या एका वाक्यावर पुढचे तीन आठवडे निघतात. हे वाक्य म्हणणारा माणूस आपल्या व्यवस्थेत नाही.

ज्यांचे तोंड एका बोटापेक्षाही कमी उघडते त्यांच्यावर शस्त्रक्रिया करावी लागते. गालातले ताठ पट्टे कापायचे, उघड्या पडलेल्या जागेवर गालातलीच चरबी किंवा नाकाशेजारची कातडी फिरवून लावायची, कधी जबड्याच्या हाडाचा एक कोंब काढायचा. टेबलावर रुग्ण भुलेत असताना तोंड पस्तीस मिलिमीटरपर्यंत उघडते. शल्यविशारद समाधानाने हातमोजे काढतात. पण कापलेली जागा भरून येताना पुन्हा आखडते, हा शरीराचा धर्मच आहे. शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत व्यायाम सुरू झाला नाही आणि तो निदान सहा महिने चालला नाही, तर तोंड पुन्हा मिटत जाते, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणजे शेवटी मोठ्या खर्चाची शस्त्रक्रियाही त्या काड्यांच्याच जुडीवर उभी असते.

इथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. ज्या जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी आली त्याच महिन्याच्या सुरुवातीला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढे ती राज्यभर झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले, आणि आता विम्याची मर्यादा कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंत गेली आहे. सुरुवातीला तिच्या यादीत ९७२ शस्त्रक्रिया आणि उपचार होते. गरिबाला मोठ्या रुग्णालयाचे दार उघडून देणारी ही योजना आहे आणि तिचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु तिची घडणच अशी की जे एकदा घडते, ज्याचे बिल होते, ज्यासाठी खाटेवर झोपावे लागते, ते तिला दिसते. जे रोज दहा मिनिटे, घरी, शिकवलेल्या हाताने सहा महिने करावे लागते ते तिला दिसत नाही. कापण्याचे पैसे मिळतात, कापलेले उघडे ठेवण्याचे मिळत नाहीत. खाजगी विम्याचीही तीच तऱ्हा. त्यामुळे रुग्णालयालाही व्यायाम शिकवणारा माणूस नेमण्यात स्वारस्य उरत नाही, आणि शस्त्रक्रिया झालेला माणूस छापील कागद घेऊन एस.टी.त बसतो.

मग शिकवायचे कोणी? इथे आणखी एक गंमत आहे. दंतवैद्याला दात आणि अस्तर येते, पण स्नायूंचा व्यायाम हा त्याच्या शिक्षणातला छोटा भाग. फिजिओथेरपिस्टला स्नायू येतात, पण त्याच्याकडे पाठवले जातात ते गुडघे आणि खांदे, तोंड क्वचित. तिसरा व्यवसाय आहे तो वाक्-उपचारतज्ज्ञांचा. लोक समजतात की हे फक्त तोतऱ्या मुलांना बोलायला शिकवतात. वस्तुतः ओठ, जीभ, टाळू आणि घसा यांच्या स्नायूंचे काम, चावणे आणि गिळणे, हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा आहे. या शिक्षणाचा पाया देशात ज्या मोजक्या जागी घातला गेला त्यांत मुंबईचे नायर रुग्णालय आहे. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून हेच काम करते. आपल्या राज्याकडे शिकवणारी घरे आहेत, पण तिथून बाहेर पडलेल्यांतले बहुतेक मोठ्या शहरांतच राहतात, आणि का राहू नयेत? ग्रामीण रुग्णालयात त्यांच्यासाठी पद कुठे आहे?

अर्धांगवायूसारखा चेहरा वाकडा झालेला माणूस, ज्याला डॉक्टर बेल्स पाल्सी म्हणतात, दुसऱ्या दिवशी धावत उपचाराला येतो. घरचे घाबरतात, शेजारी सल्ले देतात, मशीन लावले जाते. यांतले बहुतेक चेहरे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मुख्यतः आपोआप सरळ होतात. मिटलेल्या तोंडाचे उलटे आहे. बाहेरून चेहरा ठीक दिसतो, उलट जरा गोरटेला आणि घट्ट दिसतो. आपोआप ते कधीच सुधारत नाही, आणि त्यासाठी कोणी धावत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत एक वाट आपल्याच राज्यातून निघालेली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशभरातला प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची शाळेत आणि अंगणवाडीत तपासणी करायची, तीस प्रकारचे दोष शोधायचे आणि जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायचे, अशी ही योजना. त्या केंद्रांत वाक्-उपचारतज्ज्ञाचे पद धरलेले आहे. दुभंगलेल्या ओठ-टाळूची मुले तिथे येतात. मेंदूच्या इजेमुळे सतत लाळ गळणारी, घास तोंडात धरता न येणारी मुलेही येतात. आणि तिथे जे घडते ते पाहण्यासारखे आहे. तज्ज्ञ मुलाला फारसे शिकवीतच नाही, तो आईला शिकवतो: ओठ कसे मिटवायचे, जिभेला कुठे स्पर्श करायचा, चमचा कुठल्या बाजूने द्यायचा. आई ते घरी रोज करते आणि महिन्याने परत येते. तज्ज्ञ थोडे आणि रुग्ण फार असताना करायचे ते हेच. पण तपासणीच्या यादीत दातांची कीड आहे, तोंड किती उघडते हे नाही. जी गाडी शाळेपर्यंत जातेच आहे, त्या गाडीतल्या डॉक्टरने प्रत्येक मुलाला तीन बोटे तोंडात घालायला सांगितली तर किती वेळ लागेल? दहा सेकंद. आणि हे करायला हवे, कारण रंगीत पुडीतली गोड सुपारी शाळेच्या वयातच तोंडात जाते. शाळेपासून शंभर यार्डांत विक्रीला मज्जाव करणारा २००३ चा कायदा तंबाखूचा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू देणाऱ्याला २०१५ च्या बालन्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे. सुपारीचा त्यात उल्लेख नाही.

सुपारीचा उल्लेख कसा असणार? ती गणपती म्हणून पुजली जाते, लग्न ठरले की फोडली जाते, जेवणानंतर तबकातून फिरते. मराठीत तर तिने सोयरीक आणि खून या दोन्ही व्यवहारांना शब्द पुरवला आहे. कोकण, गोवा आणि कर्नाटकातल्या बागाईतदारांचे संसार तिच्यावर आहेत, आणि कुठल्याही पक्षाला त्यांना दुखवायचे नाही. तंबाखूला शत्रू म्हणणे सोपे, कारण ती विलायतेहून आली. सुपारी घरचीच. म्हणूनच 'आमच्या पुडीत तंबाखू नाही' हे वाक्य पाठीवर छापून पुडी निर्दोष ठरते, आणि डॉक्टरपुढे बसलेला पोरगा मनापासून सांगतो की मी तंबाखू कधी खाल्ली नाही.

या माणसांबद्दल बोलले की एक आक्षेप हमखास येतो: त्यांनी आपल्या हाताने ओढवून घेतले, त्यांचा भार समाजाने का उचलायचा? हा आक्षेप घेणारे दारूने यकृत गेलेल्या प्रतिष्ठिताबद्दल तो घेत नाहीत, हे सोडून देऊ. पण हिशेबाने पाहिले तरी तो टिकत नाही. तोंड न उघडणाऱ्या माणसाच्या तोंडात पुढे कर्करोगाची सुरुवात झाली तर ती दिसत नाही, कारण आत बघताच येत नाही. अपघातात सापडून तो तालुक्याच्या रुग्णालयात आला तर भूलतज्ज्ञाला श्वासनळीत नळी घालता येत नाही. त्याला दुर्बिणीची सोय असलेल्या ठिकाणी हलवावे लागते, आणि तेवढा वेळ नेहमी मिळतोच असे नाही. दात किडले तर उपचाराचे हत्यार आत जात नाही. बरे, त्याला अपंग म्हणून काही सवलत मिळते का? २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले. त्यात वाचा आणि भाषेचे अपंगत्व आहे, पण त्याच्या व्याख्येत उदाहरणे आहेत ती स्वरयंत्र काढल्याची आणि मेंदूच्या विकाराने भाषा गेल्याची. मिटलेले तोंड त्यात बसवायचे तर प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळापुढे वाद घालावा लागेल. आणि वाद घालायला तोंड उघडावे लागते.

काय करता येईल, हे सांगायला समिती नेमण्याची गरज नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या दंतविभागात एक फिजिओथेरपिस्ट किंवा वाक्-उपचारतज्ज्ञ आठवड्यातून दोन दिवस बसवावा. त्याने आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला आणि आशा कार्यकर्तीला मोजायला आणि व्यायाम घ्यायला शिकवावे. फुले योजनेत या शस्त्रक्रियेचे पैसे रुग्णालयाला देताना त्यातला काही हिस्सा सहा महिन्यांनी, तोंड किती उघडते ते मोजून द्यावा; मग रुग्णालयेच रुग्णाला शोधत त्याच्या दारी जातील. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर आणि किरणोपचारानंतर जबडा आखडतो त्या रुग्णांनाही, जे टाटाहून आपल्या गावी परततात आणि तिथे त्यांचा वाली कोणी नसतो, हीच यंत्रणा उपयोगी पडेल. आणि सुपारी सोडवण्याचे समुपदेशन त्याच टेबलावर व्हावे. व्यायाम एका खोलीत आणि व्यसनमुक्ती दुसऱ्या इमारतीत असली की माणूस मधल्या टपरीवर थांबतो.

आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण नोंदवहीत नाव, वय, गाव, तक्रार, औषध असे रकाने छापलेले असतात. रक्तदाबासाठी आणि साखरेसाठी वेगळ्या वह्या आल्या आहेत, कारण त्यांचे आकडे वर पाठवावे लागतात. एखादी हौशी परिचारिका समासात पेन्सिलीने लिहून ठेवीलही: एकोणीस, बावीस, चोवीस. तिची बदली झाली की नव्या परिचारिकेला त्या आकड्यांचा अर्थ कळत नाही.